काढा असो की गोळी, आधी पुरावा मागा



गेल्या महिन्यात एका वस्तीतल्या विहारात आम्ही रक्तदाब आणि साखर तपासणीचे शिबिर घेतले. रांग संपत आली तेव्हा बारावी झालेला एक मुलगा मोबाईल घेऊन टेबलापाशी आला. त्याची आई दीड वर्षापासून सरकारी दवाखान्यातून डिप्रेशनच्या, म्हणजे नैराश्याच्या आजाराच्या गोळ्या घेते. त्याने आम्हांला एक व्हिडिओ दाखवला. दक्षिण अमेरिकेतल्या अमेझॉनच्या जंगलात माणसे रात्री गोल बसली आहेत, एक म्हातारा गाणे म्हणतो आहे आणि प्रत्येकाला पेल्यातून काळपट काढा दिला जातो आहे. या काढ्याने एका रात्रीत डिप्रेशन जाते आणि आता शास्त्रज्ञांनीही ते मान्य केले आहे, असे व्हिडिओत सांगत होते. मुलगा म्हणाला, "सिस्टर, हे खरं असेल तर आईला रोज गोळ्या कशाला? याची पावडर ऑनलाइन मिळते म्हणे."

शेजारी बसलेल्या एका आजीने लगेच सांगितले, "अरे, नशापाणीच आहे ते. पंचशील घेतलेल्या माणसानं त्याचं नावसुद्धा काढू नये." विहाराचे काम पाहणारे एक दादा म्हणाले, "सिस्टर, आपल्याकडच्या देवऋष्यासारखंच थोतांड आहे ते. भूत उतरवायचे धंदे."

दोन मिनिटांत तीन निकाल लागले. मुलाला तो चमत्कार वाटला, आजीला नशा, दादांना थोतांड. पण हे कोणी तपासले, कसे तपासले आणि काय निघाले, एवढा साधा प्रश्न तिघांपैकी कोणीही विचारला नाही. त्या दिवशी आम्ही मुलाला दोनच गोष्टी सांगितल्या : आईची गोळी बंद करायची नाही आणि कसलीही पावडर मागवायची नाही. 'का नाही' हे नीट सांगायला वेळ नव्हता. ते उत्तर आज या पानावर देत आहोत, कारण असे व्हिडिओ आता घराघरांतल्या मोबाईलवर पोचले आहेत.

काढा आहे तरी काय?

या काढ्याचे नाव आयावास्का. क्वेचुआ भाषेत 'आया' म्हणजे आत्मा किंवा मेलेला माणूस आणि 'वास्का' म्हणजे दोर किंवा वेल. पेरू, ब्राझील, कोलंबिया, इक्वाडोर आणि बोलिव्हिया या देशांतल्या अमेझॉन खोऱ्यात अनेक आदिवासी समाज तो पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. काही समाजांत तो रोग्याला देतच नसत. वैदू स्वतः पीत असे आणि मग रोग्याला काय झाले आहे ते सांगत असे.

काढा मुख्यतः दोन वनस्पतींचा असतो. एक जाड वेल, तिचे शास्त्रीय नाव बॅनिस्टेरिऑप्सिस कापी. दुसरे कॉफीच्या कुळातले झुडूप, त्याला तिकडे चाक्रुना म्हणतात. वेल ठेचतात, त्यात झुडपाची पाने घालतात आणि मोठ्या भांड्यात तासन्‌तास उकळून आटवतात.

खरी गंमत या जोडीत आहे. पानांत डीएमटी नावाचे द्रव्य असते. ते मेंदूवर काम करते, पण नुसती पाने उकळून प्यायली तर जवळपास काहीच होत नाही. आपल्या आतड्यांत आणि यकृतात मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचे एन्झाइम असते, ते हे द्रव्य मेंदूपर्यंत पोचण्याआधीच मोडून टाकते. हे एन्झाइम म्हणजे दारावरचा वॉचमन समजा. वेलीत हार्मिन, हार्मालिन अशी द्रव्ये असतात. ती या वॉचमनला काही तास झोपवतात. मग पानांतले द्रव्य आत शिरते आणि रक्तातून मेंदूपर्यंत पोचते. अर्ध्या-पाऊण तासात परिणाम सुरू होतो आणि साधारण चार तास टिकतो. माणसाला डोळे मिटून चित्रे दिसतात, जुन्या आठवणी येतात, रडू येते, भीती वाटते आणि बहुतेकांना उलट्या होतात.

विचार करा. हजारो वनस्पतींच्या जंगलातून ही एक वेल आणि ही पाने एकत्र आणायची, हे ज्यांना लिहिता येत नव्हते अशा माणसांनी शोधले. १८५२ मध्ये रिचर्ड स्प्रूस या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने तुकानो लोकांत हा काढा पाहिला आणि वेलीला शास्त्रीय नाव दिले. वेल आणि पाने एकत्र का चालतात, याचा खुलासा प्रयोगशाळेत नीट तपासून व्हायला त्यानंतरही सव्वाशे-दीडशे वर्षे लागली. म्हणून आमच्या दादांना आमचे नम्र सांगणे आहे : आदिवासींचे आहे म्हणून थोतांड, असे म्हणू नका. आपल्या माणसांच्या ज्ञानालाही कोणीतरी असेच एका शब्दात हिणवले होते.

पण तेवढ्यावरून तो काढा गुणकारी आहे, असेही ठरत नाही. ते ठरवायला तपासावे लागते.

तपासले कसे?

ब्राझीलमध्ये हा काढा फक्त आदिवासींपुरता राहिला नाही. रायमुंदो इरिनेउ सेरा हा गुलामांच्या वंशातला काळा माणूस. त्या देशात गुलामगिरी कायद्याने १८८८ मध्ये संपली, त्यानंतर काही वर्षांतच त्याचा जन्म. पोटासाठी तो अमेझॉनमध्ये रबराचा चीक काढायला गेला, तिथे हा काढा त्याला कळला आणि १९३० मध्ये त्याने सांतो दाइमे हा पंथ सुरू केला. पुढे १९६१ मध्ये जोझे गाब्रिएल दा कोस्ता या दुसऱ्या रबर कामगाराने उनियाओ दो वेजेताल हा पंथ काढला. दोन्ही पंथ गरीब, कष्टकरी माणसांतून उभे राहिले आणि काढा हा त्यांच्या प्रार्थनेचा भाग झाला.

१९८५ मध्ये ब्राझील सरकारने या वेलीला बंदीच्या यादीत टाकले. पण मग सरकारने एक गट नेमला. तो गट या पंथांच्या वस्त्यांवर गेला, त्यांचे जगणे पाहिले, आणि १९८७ मध्ये बंदी उठली. २०१० च्या नियमांनी धार्मिक वापराला मोकळीक दिली, पण काढा विकायला, त्यावर पर्यटनाचा धंदा करायला आणि संशोधनाबाहेर त्याला औषध म्हणून चालवायला मनाई केली. आधी बंदी घातली, पण नंतर जाऊन पाहिले आणि पाहिल्यावर स्वतःचा निर्णय बदलला. सरकारे असे क्वचित वागतात.

१९९३ मध्ये मनाउस शहरात पहिला मोठा अभ्यास झाला. वर्षानुवर्षे काढा पिणारे १५ पुरुष आणि कधीच न प्यायलेले १५ पुरुष यांची तपासणी केली गेली. पिणाऱ्यांच्या बुद्धीला किंवा मनाला बिघाड झाल्याचे आढळले नाही. पण १५ माणसे ती किती? शिवाय ती सगळी एका शिस्तीच्या पंथातली होती, त्यांतल्या काहींनी पंथात आल्यावर दारू सोडलेली होती. चांगला परिणाम काढ्याचा, की दारू सुटल्याचा, की सोबत मिळाल्याचा? एवढ्यावरून सांगता येत नाही.

२०१२ मध्ये ब्राझीलच्याच संशोधकांनी काढा प्यायलेल्या लोकांच्या मेंदूचे एमआरआय काढले. डोळे मिटलेले असताना मेंदूतला 'पाहण्याचा' भाग जणू समोर खरेच चित्र असावे तसा काम करत होता. म्हणजे जे दिसते ते सांगणारा खोटे बोलत नाही, त्याला दिसतेच. पण ते दिसते मेंदूत, बाहेरून कोणी आत्मा येत नाही. आपल्याकडे अंगात येणाऱ्या बाईबद्दलही हे लक्षात ठेवले पाहिजे. ती नाटकच करते असे म्हणून तिला हसायचे नाही आणि देवी आली म्हणून तिच्या पाया पडायचे नाही. तिला काय त्रास आहे, ते विचारायचे.

आकडे नीट वाचू या

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. 'शास्त्रज्ञांनी मान्य केले' असे व्हिडिओ म्हणतो. जिचा नेहमी दाखला दिला जातो ती चाचणी नाताल या ब्राझीलच्या शहरातल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात झाली आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे आकडे सावकाश वाचा.

ज्यांचे नैराश्य किमान दोन वेगवेगळ्या औषधांनी बरे झाले नव्हते, असेच रुग्ण घ्यायचे होते. २१८ जणांना तपासले, शेवटी २९ जणांवर चाचणी झाली. ज्यांना भ्रम होण्याचा आजार होता, गरोदर बाया होत्या, जिवाला तातडीचा धोका होता, अशांना घेतले नाही. आधीच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवल्या होत्या. १४ जणांना खरा काढा दिला, १५ जणांना नकली. कोणाला कोणता, हे चिठ्ठी काढल्यासारखे ठरवले. नकली काढाही तपकिरी, कडू-आंबट होता आणि त्यात झिंक सल्फेट घातले होते, म्हणजे पोटात ढवळेल आणि माणसाला वाटेल की आपल्याला खराच मिळाला. याला वैद्यकात प्लासिबो म्हणतात.

सातव्या दिवशी खरा काढा घेतलेल्या १४ पैकी ९ जणांचा त्रास निम्म्याहून कमी झाला होता. नकली घेतलेल्या १५ पैकी ४ जणांचा. फरक मोठा आहे, नाकारण्यासारखा नाही. पण त्याच चाचणीतला आणखी एक आकडा व्हिडिओवाले सांगत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजले तेव्हा दोन्ही गटांतल्या साधारण निम्म्या लोकांना बरे वाटत होते. नकली काढा प्यायलेल्या निम्म्यांनाही!

हे कसे? आम्ही जीएनएम करून वॉर्डात वर्षे काढली, आम्हांला यात नवल वाटत नाही. या माणसांना चार दिवस रुग्णालयात ठेवले होते. शांत खोली, मन लावून ऐकणारी माणसे, रात्रंदिवस कोणीतरी जवळ. वर्षानुवर्षे ज्यांचे कोणी ऐकले नाही, त्यांना एवढ्यानेच उभारी आली. पुढे सात दिवसांत नकली गटातल्या बऱ्याच जणांची ती उभारी ओसरली. खऱ्या गटात ती जास्त टिकली, म्हणून संशोधक आशा धरून आहेत. पण सात दिवस म्हणजे सात दिवस. सहा महिन्यांनी काय, वर्षाने काय, हे त्या चाचणीत नाही. शिवाय ज्याला चित्रे दिसली त्याला आपण खरा काढा प्यायलो हे बहुधा कळतेच, त्यामुळे तुलना पुरती आंधळी राहत नाही.

म्हणजे मुलाला द्यायचे उत्तर असे : शास्त्रज्ञांनी 'डिप्रेशन जाते' असे म्हटलेले नाही. पुढे तपासण्यासारखे काहीतरी आहे, एवढेच म्हटले आहे. या दोन वाक्यांतले अंतर ज्याला कळले, तो कोणत्याही बाबाकडून आणि कोणत्याही जाहिरातीकडून फसणार नाही.

आईच्या गोळीबरोबर हा काढा गेला तर?

आता जिवाची गोष्ट. नैराश्यावर दवाखान्यात मिळणाऱ्या एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या गोळ्या मेंदूत सेरोटोनिन नावाचे द्रव्य वाढवतात. ते मोडायचे कामही त्याच वॉचमनकडे असते. वेलीने वॉचमन झोपवला आणि वर गोळी चालू असली, तर सेरोटोनिन हद्दीबाहेर वाढू शकते. मग घाम फुटतो, हातपाय थरथरतात, ताप चढतो, स्नायू ताठतात, छाती धडधडते, माणूस बरळतो. वेळेत दवाखान्यात पोचले नाही तर जीवही जाऊ शकतो. संशोधकांनी हा इशारा १९९८ मध्येच छापून दिला होता. ट्रामाडॉल हे दुखण्याचे औषध आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले खोकल्याचे औषध यांच्याबरोबरही हाच धोका आहे.

ही फक्त अमेझॉनची गोष्ट नाही. आपल्या वस्त्यांत औषधांना न जुमानणाऱ्या टीबीचे रुग्ण आहेत. त्यांना लिनेझोलिड नावाचे औषध देतात. ते औषधही त्याच एन्झाइमला काही प्रमाणात अडवते. म्हणून टीबीच्या डॉक्टरांना आणि सिस्टरला मानसिक आजाराच्या गोळ्यांबद्दल सांगायलाच हवे. लोक काय म्हणतील म्हणून लपवू नका. दोन्ही चिठ्ठ्या एकाच पिशवीत ठेवा आणि दोन्ही डॉक्टरांना दाखवा.

'मग आधी गोळी बंद करू, नंतर काढा घेऊ' असेही कोणी म्हणेल. गोळी एकदम बंद केली की चक्कर, बेचैनी, झोप उडणे सुरू होते आणि आजार उलटू शकतो. फ्लुओक्सेटिनसारखी गोळी तर बंद केल्यावरही काही आठवडे शरीरात राहते. आम्ही वॉर्डात असताना एक बाई भरती झाली होती. कोणा मांत्रिकाने अंगारा देऊन 'आता गोळ्या नकोत' असे सांगितले होते, आणि तिने विष घेतले होते. ती वाचली. पण तिच्या आईने आम्हांला विचारलेला प्रश्न अजून कानात आहे : "सिस्टर, गोळी बंद करायची नसते हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही."

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अनेक देशांतल्या १०,८३६ जणांनी आयावास्का घेतल्याचे अनुभव सांगितले. सुमारे ७० टक्के लोकांना शरीराचा त्रास झाला, मुख्यतः उलट्या. शंभरात दोघांहून थोड्या जास्त जणांना डॉक्टर गाठावा लागला. निम्म्याहून अधिक लोकांना नंतरच्या आठवड्यांत किंवा महिन्यांत मनाचा काही ना काही त्रास झाला. त्यातल्या पुष्कळांनी तो बरे होण्याचाच भाग मानला, हेही खरे. पण ज्यांना किंवा ज्यांच्या जवळच्या नात्यात स्किझोफ्रेनिया, बायपोलर असे आजार आहेत, त्यांच्यासाठी हा काढा फार घातक ठरू शकतो. हृदयविकार आणि रक्तदाब असणाऱ्यांनाही धोका आहे.

'नैसर्गिक आहे' हे उत्तर नव्हे. धोतराही नैसर्गिकच आहे. धोतऱ्याचे बी खाल्लेले मूल ज्याने पाहिले आहे, तो हे वाक्य पुन्हा उच्चारणार नाही. आणि कायद्याचेही सांगून ठेवतो : डीएमटी आपल्या देशात १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत आहे. ऑनलाइन मागवलेल्या पुडीसाठी आपल्या पोराला कोठडी दिसली, तर व्हिडिओवाला जामीन द्यायला येणार नाही.

ज्ञान कोणाचे, पैसा कोणाला?

आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी म्हणू नये. औषध कोणाच्या ज्ञानातून आले आणि त्याचा पैसा कोणाच्या घरी गेला, हाही आरोग्याचाच प्रश्न आहे.

१९८६ मध्ये एका अमेरिकन माणसाला याच वेलीच्या एका प्रकारावर तिथल्या सरकारने पेटंट दिले. ज्यांच्या आज्या-पणज्या ही वेल लावत आल्या, त्यांना पत्ताही नव्हता. कळल्यावर अमेझॉन खोऱ्यातल्या आदिवासी संघटनांच्या 'कोइका' या महासंघाने आव्हान दिले. १९९९ मध्ये पेटंट रद्द ठरले, २००१ मध्ये पुन्हा बहाल झाले आणि २००३ मध्ये मुदत संपल्यावरच संपले. त्यातला एक तपशील आम्हांला टोचतो. १९९९ चा निकाल 'ही वेल आमची आहे, आम्ही तिला पवित्र मानतो' या आदिवासींच्या शब्दावर लागला नाही. शिकागोच्या एका संग्रहालयात तसल्याच वेलीचे वाळवलेले नमुने आधीपासून नोंदलेले होते, म्हणून लागला. जिवंत माणसाच्या तोंडच्या साक्षीपेक्षा कपाटातल्या वाळल्या पानाला वजन आले.

आपल्या हळदीची गोष्ट आठवा. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या आपल्या संस्थेने जुने ग्रंथ आणि छापलेले लेख पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतले. आपण जिंकलो, कारण आपल्याकडे लिहिलेले होते. ज्यांना लिहू दिले नाही, त्यांचे ज्ञान पुराव्यात कसे मांडायचे? हा प्रश्न आपल्याला नवा नाही. बाबासाहेबांनी शिकण्यावर इतका जोर का दिला, याचे हेही एक उत्तर आहे.

आज पेरूतल्या इकितोस शहराभोवती परदेशी पाहुण्यांसाठी काढ्याची शिबिरे चालतात, डॉलरमध्ये पैसे घेतले जातात. काही ठिकाणी गुंगीत असलेल्या स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी पुढे आल्या आहेत. आपल्या माय-बहिणींना हे चित्र ओळखीचे वाटेल. बंद खोली, एकटी आजारी बाई आणि 'मीच तुला बरे करणार' म्हणणारा पुरुष. जंगल असो की आपली गल्ली, हे दिसले की तिथून उठायचे. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, अशा माणसाविरुद्ध पोलिसांत जायचे.

मग पंचशीलाचे काय?

आजींचा प्रश्न आम्ही विसरलो नाही. पाचवे शील मन बेसावध करणाऱ्या पदार्थांपासून दूर राहायला सांगते. व्हिडिओ पाहून, मजेसाठी किंवा 'अनुभव' घ्यायला हा काढा पिणे आपल्या घरात बसत नाही, यात आम्हांला शंका नाही. दारूने आपली किती घरे बसली, ते आम्ही वेगळे सांगायला नको.

पण आजी, एक गोष्ट वेगळी काढू या. कॅन्सरच्या शेवटच्या दिवसांत आम्ही रुग्णांना मॉर्फिन दिले आहे. तेही अफूचेच. ते देताना शील मोडले असे आम्हांला कधी वाटले नाही, कारण मात्रा मोजलेली होती, डॉक्टरांची सही होती आणि हेतू दुःख कमी करण्याचा होता. रुग्णालयात, कायद्याने परवानगी घेऊन, माणसाला सगळे समजावून त्याच्या संमतीने एखादे द्रव्य तपासणे हे नशापाणी नाही. उद्या त्यातून खरेच सुरक्षित औषध निघाले, तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेताना कोणी लाजू नये. तथागतांनी कालामांना जे सांगितले त्याचा मथितार्थच हा आहे की परंपरा म्हणते म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा. परंपरा म्हणते म्हणून मानायचे नाही, तसेच परंपरेचे आहे म्हणून न तपासता फेकायचेही नाही.

आणि अमेझॉनच्या माणसांचा विधी त्यांचा आहे. आपण त्याला हसायचेही नाही आणि त्याची नक्कलही करायची नाही.

आपण काय घ्यायचे?

त्या चाचणीतून घेण्यासारखी एक गोष्ट आहे आणि तिला पावडर लागत नाही. नकली काढा प्यायलेल्या निम्म्या लोकांना दुसऱ्या दिवशी बरे वाटले, कारण बहुधा कोणीतरी त्यांच्याजवळ बसले होते. हे बसणे औषधाची जागा घेत नाही, त्या लोकांचीच उभारी आठवड्यात ओसरली. पण औषधाबरोबर ते मिळाले तर गोळी वेळेवर घेतली जाते, दवाखान्याची तारीख चुकत नाही.

शिबिरानंतरच्या रविवारी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. आई चहा ठेवत होती. बोलता बोलता तिने सांगितले की तीन आठवड्यांपासून ती गोळी अर्धीच घेते, कारण पूर्ण घेतली की सकाळी जाग येत नाही आणि धुण्या-भांड्याच्या कामावर उशीर होतो, बाईसाहेब बोलतात. मुलाला हे ठाऊक नव्हते. त्याला वाटत होते, गोळीचा गुणच येत नाही. आम्ही तिच्याबरोबर दवाखान्यात गेलो, डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलून दिली. आता ती पूर्ण गोळी घेते. बरी झाली असे आम्ही म्हणणार नाही, अजून दोन महिन्यांनी सांगू.

प्रत्येक विहाराला आमची विनंती आहे. रविवारच्या वंदनेनंतर एक तास ठेवा. ज्यांच्या घरी मनाच्या आजाराचे औषध चालू आहे, त्यांनी यावे आणि कोणीतरी ऐकून घ्यावे. उपदेश नको, अंगारा नको. गोळी संपत आली का, तारीख कधी, सोबत कोण जाणार, एवढे विचारले तरी पुष्कळ. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो, तिथे जा. रात्री-अपरात्री मन फार खचले, जीव नकोसा वाटला, तर टेली मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलतात. हा क्रमांक आजच घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा.

जयभीम! नमो बुद्धाय!